एकोणीस घोडे आणि दुसऱ्या तिमाहीचा ताळेबंद

श्री. आधी विघ्नहर्त्यास वंदन, मग सरस्वतीस, जी कोणाच्या दारी पाचव्या वर्षी येते आणि कोणाच्या चाळिसाव्या, परंतु आली म्हणजे परत जात नाही; आणि मग त्या मुक्या जिवांस, ज्यांच्या रक्तावर एक राज्य उभे राहिले. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, कार्तिक शुद्ध दशमी, इंदुवासरे त्या राज्याचा तिमाही दरबार भरला, आणि पागेचे मुख्य बिरूनाना वाघमोडे यांजवर जो प्रसंग गुदरला, त्याची हकीकत जैसी घडली तैसी लिहिली आहे.

राज्य म्हणजे काय, तर माळावरची एक औषधांची कंपनी. कोट नाही, बुरूज नाही. तारेचे कुंपण, दोन लांब इमारती, आणि मागे एकशे चाळीस घोड्यांची पागा. या पागेच्या जोरावर सर्पदंशाची लस होत असे. रीत ऐसी की, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांचे विष दक्षिणेहून सुकवून यावे, ते घोड्यास इतके थोडे टोचावे की त्यास कळूही नये, मग हळूहळू मात्रा वाढवावी, आणि रक्त विषाशी झुंजण्यास तयार जाहले म्हणजे मानेच्या शिरेतून काढावे, तांबडा भाग घोड्यास परत द्यावा आणि पिवळा रस ठेवावा. मग तो रस शीतकोठारात राहून, गाळून, तपासून, कुपीत भरून दवाखान्यात पोहोचेतो दीड-दोन वर्षे निघून जावीत. आणि मग कोण्या गावी भातखाचरात कोणास पान लागले, म्हणजे साप चावला, तर त्या कुपीने त्याचा जीव वाचावा, आणि वाचणारास घोड्याचे नावही ठाऊक नसावे.

थोरले धनी डॉक्टर अनंतराव गुर्जर यांनी बाजारातून सहा घोडे आणून हे राज्य स्थापिले, तेव्हा बिरूनाना चाळीस वर्षांचे होते आणि मेंढरे सोडून नुकते चाकरीस लागले होते. थोरले धनी स्वतः घोड्याचा कान धरून उभे राहत आणि रक्त निघेतो त्याच्याशी बोलत. रक्त दिलेल्या घोड्यापाशी त्या दिवशी कोणी मोठ्याने बोलू नये, ऐसा हुकूम होता, आणि तो हुकूम स्वतः धन्यांसही लागू होता, म्हणून रागावायचे असले तर ते नानांस फाटकाबाहेर नेऊन रागावत. एके दिवशी त्यांनी नानांच्या हाती कोरी वही दिली आणि म्हणाले, "कोणत्या घोड्यानं कधी दिलं, किती दिलं, कोणत्या बॅचला गेलं, हे आजपासून तू लिहायचंस." नाना बोलिले, "साहेब, मला अक्षर येत न्हाई, आन् माझं वय काय आता शिकायचं हाय व्हय?" तेव्हा धनी हसले आणि म्हणाले, "अक्षराला तुझं वय कुठं कळतंय, बिरू?" आणि मग धन्यांनी घोड्यांची नावे पाट्यांवर लिहून दिली, आणि नाना पाखरी पाहून 'पाखरी' वाचावयास शिकले, सुभेदार पाहून 'सुभेदार', जोंधळी पाहून 'जोंधळी'. अनुस्वार त्यांस पुष्कळ दिवस नालेच्या खिळ्यासारखा वाटे, कोठे ठोकावा ते कळत नसे. परंतु वही चालू जाहली ती कधी खंडली नाही. ते दिवस मोठे गोड होते. माणसे थोडी, घोडे थोडे, नफा तर नव्हताच, आणि त्याची कोणास आठवणही होत नसे.

धन्यांची दुसरी रीत ऐसी की, पागेत ओळी कराव्यात, एका ओळीतील घोड्यांचे रक्त एके दिवशी काढावे आणि त्यांची बॅच एक करावी. आणि घोड्याने आपली वर्षे भरली म्हणजे त्यास विकू नये, मागच्या कुरणात सोडावे, तेथे त्याने मरेतो खावे. पूर्वेची ओळ सर्वांत जुनी, चोवीस घोड्यांची. ती सगळी ओळ दोन वर्षांमागे कुरणात गेली. त्यांतील पाच कालवश जाहले आणि एकोणीस राहिले.

पुढे थोरले धनी वारले, आणि कन्या मृणालिनीबाई गादीवर आल्या. बाई शहाण्या, मनाच्या मोकळ्या, परंतु काळ बदलला होता. राज्याने आपले भाग शेअरबाजारात विकले होते, आणि शेअरबाजार हे ऐसे शेजारचे राज्य की, सकाळी आरती करील आणि दुपारी दगड मारील. त्या राज्यास दर तीन मासांनी खुलासा धाडावा लागे की इतके विकले, इतके खर्चले, इतके उरले. आणि त्याच सुमारास मोठमोठ्या पोलादी टाक्या कर्ज काढून मागविल्या, कारण घोड्यावाचून, टाकीत पेशी वाढवून लस करण्याची नवी विद्या आली होती. आषाढ ते भाद्रपद ही वर्षाची दुसरी तिमाही. तीत सर्व औषधे मिळून विक्री सोळा कोटींची जाहली, मागील सालाहून अधिक, आणि नफा मात्र एक कोटी नव्वद लक्षांवरून एक कोटी चार लक्षांवर आला, कारण कर्जाचे व्याज, आणि सरकारने बांधून दिलेला कुपीचा भाव. व्याजास हात लावता येईना, भावास हात लावता येईना. मग हात कोठे लावावा याचा शोध घेत फडणीस निनादराव टिपरे, जे मुंबईहून नवे आले होते, ते आश्विनात एके सकाळी चकचकीत बूट घालून पागेत आले.

तेव्हा नाना आणि चांदभाई नालबंद कुरणाच्या कुंपणाशी बसले होते. चांदभाई म्हणजे पागेचा जुना नालबंद, नानांचा तीस वर्षांचा नसला तरी वीस वर्षांचा सोबती, आणि जिभेचा तिखट. फडणीसांनी कागद काढिला आणि विचारले, "नाना, हे एकोणीस घोडे काय करतात?"

"उभे असत्यात," नाना बोलिले.

"आणि?"

"कधी बसत्यात."

चांदभाई म्हणाला, "साहेब, या वयात बसायला मिळालं तर तुम्हीपण बसाल. मिळणार न्हाई, हा भाग वेगळा."

फडणीस हसले, कारण ते वाईट मनुष्य नव्हते. मग म्हणाले, "एकोणीस घोडे, ब्याण्णव दिवस, दिवसाला सहाशे रुपये. दहा लाखांच्या वर जातात एका तिमाहीत. आणि येतं काय? शून्य. भागधारक मला विचारतात, नाना. दर तीन महिन्यांनी विचारतात."

"आमच्या घोड्यानं अजून एकदाबी काय इचारलं न्हाई," नाना बोलिले.

फडणीस म्हणाले, "एक गिऱ्हाईक आहे. सगळे एकदम घेतो म्हणतो. वरातींसाठी लागतात, समुद्रावर फेऱ्या मारायला लागतात." चांदभाई म्हणाला, "पंचवीस वर्षांचं जनावर वरातीत? नवरदेव चालत जाईल आन् घोडं खांद्यावर." नाना मात्र हसले नाहीत. त्यांनी विचारले, "गिऱ्हाईक न्हेणार कुठं, ते बोललं का?" फडणीस म्हणाले, "ते आपण विचारत नाही." आणि मग कागद पुढे करून बोलिले, "दशमीला दरबार आहे. तेव्हा पागेचे मुख्य म्हणून या यादीवर तुमची सही लागेल. घोड्यांच्या डॉक्टरांची झाली आहे." आणि ते गेले, आणि बुटास लागलेले शेण वाटेत दगडावर पुसत गेले.

 विकलेले म्हातारे जनावर कोठे जाते हे नानांस ठाऊक होते, मेंढरे राखिली होती. सही न करावी तर दुसरा कोणी करील आणि घोडे जातीलच. करावी तर आपल्याच हाताने जातील. मग त्यांनी वह्या काढल्या. पहिल्या वहीतील आपले अक्षर पाहून त्यांसच हसू आले, एकेक अक्षर पाय फाकून उभे, जणू नुकते जन्मलेले शिंगरू. आणि एकेक नाव वाचीत बसले, कोणी कोणत्या दिवशी दिले, त्या दिवशी ऊन होते की आभाळ, धनी आले होते की नव्हते. कारण नाना तेही लिहीत. वाचता वाचता एका पानावर त्यांचे बोट थांबले, आणि मग ते कोठारवाल्याकडे गेले आणि त्या तिमाहीत कोणत्या बॅचच्या कुप्या विकल्या, ते आकडे मागून घेतले, आणि आणून वहीशेजारी ठेविले, आणि ताळा पाहिला, आणि पुन्हा पाहिला.

दशमीस दरबार भरला. लांब मेज, भोवती बारा असामी, दोघे तर भिंतीवरच्या पडद्यात परगावाहून हजर. नाना फडक्यात बांधलेल्या तीन वह्या घेऊन आले आणि दाराशी उभे राहिले. मृणालिनीबाई म्हणाल्या, "नाना, आत या, बसा." नाना बोलिले, "उभाच बरा हाय, बाईसाहेब." फडणीसांनी तिमाहीचा ताळेबंद वाचिला, आणि शेवटी म्हणाले की पागेत एकोणीस तोंडे आहेत जी खातात आणि काही देत नाहीत, ती कमी करावीत. आणि यादी नानांपुढे सरकविली.

नानांनी यादी घेतली नाही. ते म्हणाले, "सही करतो. पण आधी वाचून दाखवायचं हाय. मला वेळ लागंल, मी उशिरा शिकलोय." आणि फडके सोडून त्यांनी वाचावयास प्रारंभ केला, बोट अक्षराखाली धरून. "बॅच एकशे बारा. कुप्या तीन हजार. या तिमाहीत इकल्या. रगत काढलं दोन वर्सांमागं, मार्गशीर्षात. पूर्वेची ओळ. पाखरी. सुभेदार. जोंधळी. गुलछबू..." आणि चोवीस नावे वाचली. मेजाच्या त्या टोकास कोणाचा फोन वाजला, बाईंनी हात वर केला, तो बंद जाहला. "बॅच एकशे तेरा. कुप्या तीन हजार. पूर्वेची ओळ. पाखरी. सुभेदार..." आणि पुन्हा चोवीस नावे. तिसऱ्या बॅचच्या वेळी भिंतीवरील एक असामी म्हणाला, "हे किती वेळ चालणार?" तेव्हा बाई म्हणाल्या, "संपेपर्यंत."

संपले. नाना बोलिले, "एकतीस हजार कुप्या इकल्या, त्यात नऊ हजार या ओळीच्या. साहेब म्हणत्यात, या तिमाहीत त्यांनी काय दिलं न्हाई. हेच दिलं."

फडणीस आदराने बोलिले, "नाना, तुमचं खरं आहे. पण ते मागचं काम आहे. चारा आजचा आहे."

नानांनी वही मिटली आणि ते म्हणाले, "तर मग साहेब, ही नऊ हजारांची विक्रीबी मागचीच लिवा. आजच्या ताळेबंदातनं काढा. मग मी सही करतो."

 फडणीसांनी पेन्सिलीने कागदावर नऊ हजार कुप्यांची वजाबाकी मांडिली, आणि ती पाहून पेन्सिल खाली ठेविली. बाई खिडकीपाशी गेल्या. तेथून कुरण दिसत नव्हते, मध्ये टाक्यांची नवी इमारत आली होती, तरी त्या बराच वेळ तिकडे पाहत होत्या. मग वळून म्हणाल्या, "बाबा असते तर त्यांनी तुम्हाला वाचू दिलं असतं आणि मग पागा वाढवली असती. मी नाही वाढवू शकत, नाना. टाक्या येणार. नवा घोडा आता घेतला जाणार नाही. पागा मला वाचवता येत नाही."

"व्हय," नाना म्हणाले.

"पण जे आहेत, पूर्वेची ओळ आणि बाकीचे सगळे, ते इथंच मरतील. एकही विकला जाणार नाही. टिपरे, ताळेबंदात अश्वखाते म्हणून वेगळी ओळ घाला, आणि भागधारकांनी विचारलं तर माझं नाव सांगा." आणि त्यांनी यादी उचलून उभी आडवी फाडली, आणि तुकडे कोठे टाकावे ते न सुचून हातातच धरून बसल्या.

नाना बाहेर आले. चांदभाई फाटकाशी होता, त्याने विचारले, "काय झालं? जिंकला का हरला?" नाना बोलिले, "घोडी ऱ्हायली, पागा गेली." चांदभाईने विचार केला आणि म्हणाला, "म्हणजे माझी नोकरी पण गेली. कुरणातल्या घोड्याला नाल कशाला?" नाना बोलिले, "तू बोलायला येत जा. त्यांना तुझी सवय हाय." आणि मग दोघे कुरणाकडे गेले.

पुढे टाक्या चालू जाहल्या, आणि त्यांतून लस निघू लागली, आणि ती चांगली निघते, हेही लिहिले पाहिजे. पागेतील ओळी एकेक करून कुरणात आल्या आणि पागेची दारे उघडीच राहू लागली. घोडे म्हातारे होते, ते आपल्या वेळेने गेले. घोडा गेला म्हणजे अश्वखात्याचा खर्च तिमाहीस पंचावन्न हजारांनी घटे, आणि ताळेबंदात त्यापुढे 'बचत' ऐसे छापून येई. बाईंच्या हुकमाने प्रत्येक तिमाहीचा छापील ताळेबंद नानांस घरपोच येतो. नाना चष्मा लावून बाकी पाने उलटतात आणि अश्वखात्याची ती एकच ओळ वाचतात. विक्री किती, नफा किती, हे ते पाहत नाहीत. गेल्या तिमाहीचा कागद आला तेव्हा त्या ओळीपुढे लिहिले होते, 'खर्च मागील तिमाहीइतकाच.' नानांनी ते दोनदा वाचिले, आणि कागद तसाच हाती घेऊन अनवाणी चांदभाईच्या घरापर्यंत गेले, आणि दारातूनच ओरडले, "चांदभाई, या बारीला कंपनीचं कायबी वाचलं न्हाई गड्या!"

येणेप्रमाणे एका पागेची आणि तिच्या तिमाह्यांची हकीकत आहे. पूर्वेच्या ओळीतील आज मितीस सहा घोडे कुरणात आहेत; पाखरीस दिसत नाही, परंतु ती हाकेस येते. जाणत्यांनी न्यून ते पुरे करून घ्यावे. लेखनसीमा.