ड्रॅगन कुठाय?

माझ्या डोळ्यांत धूळ फेकणारा अजून जन्माला यायचाय! चष्म्यांचं दुकान आहे माझं. लोकांना नीट दिसावं, हाच धंदा. म्हणून तर पाय प्लॅस्टरमध्ये घालून पडलेल्या लेकीला मोबाईलवर ड्रॅगनच्या गेमची जाहिरात दाखवली आणि छाती ठोकून म्हणालो, "आज आपण दोघं ढगांवरून उडायचं. बाबाचा शब्द!"

जाहिरातीत ड्रॅगन होता, ढग होते, ज्वाळा होत्या. पैसे भरून गेम उघडला, तर आत एक अंडं. आणि एक फडकं. पुसा!

पोरीनं बोट दुखेपर्यंत पुसलं. "बाबा, उडायचं कधी?"

मी कंपनीला फोन लावला. "ड्रॅगन कुठाय?"

"अंड्यात आहे, सर," पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली.

"बाहेर कधी येणार?"

"पुसत राहा, सर!"

माझं डोकंच फिरलं! पाय मोडलेल्या पोरीला थापा मारता? जनाची नाही, मनाची तरी?

"तक्रारीचा व्हिडिओ पाठवा ना, सर. आम्ही जरूर वापरू!"

मग काय! दुकानात मोबाईल उभा केला आणि टेबलावर मूठ आपटून बरसलो. "असला गेम मी जन्मात पाहिला नाही! पोरगी सकाळपासून जागची हलली नाही! सगळ्यांना ओरडून सांगणार आहे मी!" पुढे चोर, लबाड, नालायक असं बरंच होतं. तेच जास्त रंगलं होतं, खरं सांगायचं तर. पाठवताना खाली 'मान्य आहे' असं काहीतरी आलं. त्यावर रागारागानं बोट दाबलं.

दोनच दिवसांत एक गिऱ्हाईक तणतणत दुकानात शिरलं. "तुम्हीच ना ते? तुमच्या शब्दावर गेम घेतला मी! अंडं फुटतं कधी?"

मला काही कळेना. घरी आलो, तर लेकीच्या मोबाईलवर मीच! मूठ आपटतोय, "असला गेम मी जन्मात पाहिला नाही!" आणि माझ्या डोक्यावरून तोच मेला ड्रॅगन उडतोय! चोर, लबाड, नालायक, सगळं साफ कापलेलं.

"बाबा," लेक म्हणाली, "आता तूपण खोटं सांगतोस?"

तोंडात मारल्यासारखं झालं हो!

"अहो," बायको म्हणाली, "त्या 'मान्य आहे'च्या वर काय लिहिलं होतं, ते वाचलंत का?"

"अक्षरं फार बारीक होती गं."

"आणि चष्मा?"

"होता की. कपाळावर."

लेकीनं हात लांब करून तो खाली ओढला आणि माझ्या नाकावर नीट बसवला.

"आता वाच," ती म्हणाली. "आणि मग पुन्हा भांड."