मास्तरांचं समितीवाटप

"यंदा पक्षात एकाचंही तोंड वाकडं होणार नाही," मास्तर बायकोला म्हणाले आणि चहाचा कप असा ठेवला की बशी दचकली.

शाळा सोडून ते खासदार झाले त्याला बरीच वर्षं झाली होती, पण 'मास्तर' हे नाव चिकटलं ते चिकटलंच. त्या काळी मोबाइल नव्हते. माणसं एकमेकांना समोरासमोर भेटून खोटं बोलत. पक्षाचे जुने प्रतोद तात्या मंत्री झाले आणि त्यांची खुर्ची मास्तरांना मिळाली, तीही हंगामी. संसदेच्या कोणत्या समितीवर आपला कोणता खासदार बसवायचा, हे प्रतोदाने ठरवायचं. सरकार मोजक्या मतांवर तगून होतं, तेव्हा कुणी रुसता कामा नये. "हे निभावलंत तर पद कायम," असं पक्षाच्या अध्यक्ष ताईंनी सांगितलं होतं.

आणि मास्तरांना ते पद मनापासून हवं होतं. प्रतोदाच्या खोलीची खिडकी बागेकडे उघडायची, दारावर पितळी पाटी होती आणि जन्मात पहिल्यांदाच लोक त्यांची वाट बघत बाहेर बाकावर बसत होते.

"असं काय करणार आहात तुम्ही?" बायकोने विचारलं.

"ज्याला जे हवं ते विचारायचं आणि तेच द्यायचं."

"इतकं सोपं असतं तर तात्यांचे केस कशाला गेले असते?"

मास्तर हसले आणि कामाला लागले. पहिल्या आल्या डॉक्टरीणबाई. निवडून येण्याआधी त्यांचा दवाखाना जोरात चालायचा.

"मला मत्स्यव्यवसाय समिती द्या."

"आरोग्य नको?"

"त्याचं नावही काढू नका. मासे म्हणजे माझा जीव की प्राण."

मग आले पैलवान. क्रीडा समितीला त्यांनी नाक मुरडलं आणि ग्रंथालय समिती मागितली. रस्ते आणि पूल बांधण्यात हयात घालवलेल्या कंत्राटदारांनी तर बालकल्याण मागितलं. मास्तरांचे डोळे पाणावले. "माणसं वरून दिसतात तशी नसतात गं," ते घरी म्हणाले. सगळ्यांना त्यांनी मागितलं ते देऊन टाकलं.

नेमणुका फलकावर लागल्या, समित्यांचं काम सुरू झालं आणि दोन दिवसांत प्रतोदाच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही.

"मास्तर, हे काय करून बसलात?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"अहो, तुम्हीच मागितलं होतं."

"मागितलं म्हणून दिलंत?"

मग बाईंनीच उलगडून सांगितलं. मागितलेलं दिलं की माणूस डोक्यावर बसतो, हा तात्यांचा बाणा. त्यांच्याकडे मासे मागितले की हमखास आरोग्य मिळायचं. सगळ्या पक्षाला हे पाठ होतं. मास्तरांनी तात्यांकडे कधी काही मागितलंच नव्हतं, मग त्यांना कळणार कुठून?

"त्या ग्रंथालयात एक चष्मेवाली मला गप्प बसा म्हणाली," पैलवान म्हणाले. "मला."

"मला पाळणाघर बघायला नेलं," कंत्राटदार म्हणाले. "एक पोरगं माझी मिशी सोडेना. शुक्रवारी सभागृहात मतदान आहे ना, मास्तर? माझी तब्येत नरमच वाटतेय."

डॉक्टरीणबाईंनी तिथल्या तिथे त्यांची नाडी बघितली. "नरम आहे खरी. माझीही."

मास्तरांनी कागद-पेन्सिल पुढे ओढली. "बरं बाबांनो, आता तरी खरं सांगा. कुणाला काय हवंय?"

सगळे छताकडे बघू लागले. चारचौघांत मनातलं बोललं तर दुसरा पळवणार.

"पक्ष देईल ते," पैलवान म्हणाले.

"पक्ष देईल ते," बाकीचे म्हणाले.

मग मास्तरांनी ठरवलं, मागितलं त्याच्या उलट द्यावं. ग्रंथालयाच्या उलट आखाडा, इथवर ठीक. पण माशांच्या उलट काय?

"कोंबड्या?" मागून कुणीतरी सुचवलं.

तेव्हा मात्र मास्तरांच्या अंगात जुना वर्गशिक्षक संचारला. "बास. कुणालाच काही नको ना? मग या सगळ्या जागा विरोधी पक्षाला देऊन टाकतो. ते केव्हाचे मागताहेत."

"माझे मासे? त्यांना?" डॉक्टरीणबाई उठून उभ्या राहिल्या.

"ते पोरगं त्यांच्या हाती देता?" कंत्राटदार म्हणाले. "त्याला धरायला मिशी लागते. त्यांच्यात आहे का एकाला तरी?"

"माझं एक पुस्तक निम्मं वाचून झालंय," पैलवान पुटपुटले.

शुक्रवारी सगळ्यांनी मुकाट्याने मत दिलं. सरकार तरलं. संध्याकाळी ताईंचा फोन आला.

"कमाल केलीत, मास्तर. आता सांगा, प्रतोदपद कायम करू ना?"

'हो' अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. पण मास्तर आता शहाणे झाले होते. हवंय असं दाखवलं की हातचं जातं.

"छे छे, ताई. मला नाही झेपणार ते. दुसरं काहीही द्या, पण ते नको."

बायको समोरून दोन्ही हात हलवत होती.

"किती बरं वाटलं हो, मास्तर. पक्षात इतकं सरळ बोलणारं कुणी भेटत नाही. आणि मी काही तात्यांसारखी नाही. तुमच्या मनाविरुद्ध काही होणार नाही."

फोन बंद झाला. मास्तर रिसीव्हर हातात धरून तसेच उभे राहिले.

"काय म्हणाल्या?" बायकोने विचारलं.

"मागितलं ते दिलं," मास्तर म्हणाले.