गजभिये काकांचा रिलिव्हर

आमच्या शेजारच्या गजभिये काकांना लघवीला जायचं असलं की ते जोरात ओरडतात, "रिलिव्हर!" आवाज असा, की गल्लीतल्या नव्या भाडेकरूला वाटतं, कुणाला तरी विंचू चावला. आम्ही जुने लोक गॅस बारीक करतो, चपला घालतो आणि ज्याचा नंबर असेल तो निघतो. काका पुढच्या खोलीत वेताच्या मोड्यावर ताठ बसलेले असतात. डोळे टीव्हीवर, हातात व्हिडिओ गेमचा रिमोट, डोक्यावर पिवळं हेल्मेट. आपण शेजारी बसायचं, रिमोटला हात लावायचा, मग काका हँडओव्हर देतात. "तीन जान बाकी. चवथी लेवल. तेल अर्ध्याच्या खाली. समोरून हेलिकॉप्टर येऊन राह्यले. सब नॉर्मल." 'सब नॉर्मल' म्हटल्याशिवाय ते रिमोट सोडत नाहीत. म्हटलं, की सदुसष्टाव्या वर्षी जमेल तितक्या वेगाने पळतात.

काका पोलादाच्या प्लांटमध्ये क्रेन ऑपरेटर होते. वितळलेलं लोखंड इकडून तिकडे नेणारी ती उंचावरची क्रेन. तिचा एक नियम त्यांच्या हाडात भिनलेला आहे: पुढच्या शिफ्टचा माणूस केबिनमध्ये येऊन बसल्याशिवाय आपण खुर्ची सोडायची नाही. त्यालाच रिलिव्हर म्हणतात. एकदा त्यांचा रिलिव्हर आलाच नाही. काका सोळा तास वर बसून राहिले आणि स्वतःच्या साक्षगंधाला चार तास उशिरा, सेफ्टी शूज घालून पोचले. काकू ही गोष्ट अजून सांगतात, आणि सांगताना त्यांचा राग पुन्हा नव्याने येतो.

रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडून काका रिसालीत घर बांधून राहायला आले. सामान हलवताना माळ्यावर मुलाचा लहानपणीचा व्हिडिओ गेम सापडला. काकांनी तो पुसला, जोडला, चालू केला, आणि तिथून त्यांचं डोकं फिरलं. मी हे प्रेमाने म्हणतेय. आज त्यांच्याकडे चव्वेचाळीस जुने व्हिडिओ गेम आहेत. ते जमवायची त्यांची पद्धत अशी: प्लांटच्या वसाहतीत, सेक्टरमध्ये कुणी रिटायर झालं, की क्वार्टर सोडावं लागतं, आणि क्वार्टर सोडायचं म्हणजे माळा रिकामा करावा लागतो. काकांना ही तारीख त्या घरच्या माणसांच्या आधी माहीत असते. विदाईच्या जेवणाला लोक गुलाबजाम कुठे ठेवलेत ते बघतात, काका स्टूल कुठे आहे ते बघतात. एकदा हुडको कॉलनीत एका साहेबांना हार घालणं चालू होतं, भाषणं झाली, फोटोसाठी सगळे उभे राहिले, आणि वरून आवाज आला, "साहेब, ह्याची वायर कुठी हाय?" फोटोत साहेबांच्या डोक्यावर काकांचे दोन पाय आहेत.

घरी आलेल्या प्रत्येक मशीनला नंबर मिळतो, पत्र्याची चकती मिळते आणि रॅकवर जागा मिळते. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी शटडाऊन. त्या दिवशी टीव्हीला 'माणसे काम करीत आहेत' असा बोर्ड लटकतो. माणसे म्हणजे काका एकटेच. कॅसेटवर तोंडाने फुंकर मारायला सक्त मनाई. आपण सगळ्यांनी लहानपणी जे केलं ते काकांच्या लेखी गुन्हा आहे. "फुकू नको! तोंडात पानी असते, जंग लागते!" ते सायकलचा पंप वापरतात. पंप मारायला कोपऱ्यावरचा किराणावाला साहू येतो, कारण त्याच्या अंगात जोर आहे आणि दुकानात गिऱ्हाईक नाही.

आता तुम्ही म्हणाल, लघवीला जायचं तर गेम पॉज करून जावं. मीही पहिल्या दिवशी हेच म्हटलं होतं.

"बाई, ह्यात पॉज नाही," काका म्हणाले.

"असं कसं? हे काय, स्टार्टचं बटण. तेच दाबलं की थांबतं."

"नाही होत. दाबून पाह्य."

मी दाबलं. विमान काही थांबलं नाही, डोंगरावर जाऊन आपटलं. काकांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू मी अर्धा प्लांट पाडला. "क्रेनले पॉज असते का?" ते म्हणाले.

मग गेम सुरू कसा करायचा? त्यासाठी काकांकडे एक वेगळा रिमोट होता. तो कपाटात, कुलपात. सकाळी नऊला ते कुलूप काढायचे, त्या रिमोटने गेम चालू करायचे, तो उपसून चालवायचा रिमोट खोचायचे, आणि पहिला पुन्हा कुलपात. "चालू करनं इंजिनियरचं काम, चालवनं ऑपरेटरचं," असं त्यांचं म्हणणं. मी दुर्गला रेल्वेच्या सिग्नल विभागात तंत्रज्ञ आहे. दिवसभर कुठली तार कुठे जाते हेच बघते. तरी मला यात काही वावगं वाटलं नाही, हे इथेच कबूल करून टाकते.

रिलिव्हरचं काम तसं पाच मिनिटांचं. पण काका पाच मिनिटांत कधीच परत येत नसत. आतून आधी नळाचा आवाज, मग भांड्यांचा, मग आल्याचा वास. ते दोन कप चहा घेऊनच यायचे. आले तरी रिमोट लगेच घेत नसत. मोड्यावर टेकायचे, तुमची सासू कशी आहे, पोरीचा निकाल लागला का, साहूच्या मेहुण्याची म्हैस सापडली का, सगळं विचारायचे, आणि तोवर तुमचं विमान तुम्ही सांभाळायचं. शेवटी रजिस्टर. निळ्या पुठ्ठ्याच्या लॉगबुकात वेळ, लेवल, उरलेल्या जाना आणि 'इतर' असा रकाना. तो भरून सही केल्याशिवाय सुटका नाही. त्यात साहूच्या हातची एक नोंद आहे: 'दोन जान गई. कका का चाय बहुत मीठा.'

काकू बंगळुरूला मुलाकडे असतात. नात झाली तेव्हा सहा महिन्यांसाठी गेल्या होत्या. नात आता शाळेत जाते. रोज दुपारी त्यांचा फोन येतो, आणि काका तो स्पीकरवर ठेवतात, कारण हात मोकळा नसतो.

"एकटे काय करून राह्यले तिथं?" काकू विचारतात. "तो डबा भंगारात द्या आन् या इकडं."

"एकटा कुठी? पुरी शिफ्ट हाय माह्यापाशी. बोल वैशालीशी."

आणि मी फोनच्या दिशेने ओरडते, "हो काकू, इथेच आहे!" आणि तेवढ्यात माझी एक जान जाते.

तर असं सगळं सुखाने चाललं होतं. त्यात मी हुशारी केली.

झालं काय, की रिमोटचं उजवीकडचं बटण अडकायला लागलं. विमान उजवीकडे वळेना, आणि गल्लीतला प्रत्येक रिलिव्हर एकाच डोंगरावर आपटायला लागला. काकांना त्या दिवशी हयातीचा दाखला द्यायला दुर्गला बँकेत जायचं होतं. त्यांनी घराची किल्ली आणि रिमोट माझ्याकडे दिला. "उजवं बटन साफ कर, बस. बाकी खोदत नको बसू."

मला असं सांगणं म्हणजे मांजराला दुधाकडे बघू नको सांगणं. मी चार स्क्रू काढले, उजवं बटण साफ केलं, आणि सहज स्टार्टच्या बटणाखालचा रबर उचलून पाहिला. त्याच्या काळ्या ठिपक्यावर इन्सुलेशन टेपचा बारीकसा चौकोनी तुकडा चिकटवलेला होता. तुकडा काढला, रिमोट जोडला, बटण दाबलं, गेम सुरू झाला; पुन्हा दाबलं. विमान हवेत थांबलं. मी आनंदाने साहूला हाक मारली. मग आम्ही दोघांनी रॅकवरचा दुसरा रिमोट खोलला. त्यातही टेप. तिसऱ्यातही. मी खोलत गेले, साहू बंद करत गेला. तीन तासांत चव्वेचाळीस मशीनचे सगळे रिमोट झाले. मशीन बनवणारे देश तीन, कंपन्या चौदा, आणि टेपचे तुकडे सगळे एका मापाचे, एका हाताने कापलेले. तरी आम्हा दोन विद्वानांच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. साहू म्हणाला, "पहिली के चीज म अइसनेच आवत रिहिस होही." पूर्वीच्या वस्तूंत असंच येत असेल. मी मान डोलावली.

काका परत आले तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. मी त्यांना मोड्यावर बसवलं, गेम चालू केला आणि मोठ्या ऐटीत पॉज करून दाखवलं. "घ्या काका. आता जेवा, झोपा, बाजारात जा. कुणाला हाक मारायची गरज नाही."

काका थांबलेल्या विमानाकडे बघत राहिले. मग हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं. "बरं झालं," ते म्हणाले. "तुमाले बी तरास होता."

दुसऱ्या दिवसापासून हाक बंद झाली. खरं सांगते, पहिले चार दिवस मला बरं वाटलं. भाजी करपली नाही. साहूने दुकानात नवा पंखा लावला आणि त्याच्याखाली बसून राहिला. आपण येता-जाता म्हणतो ना, जाऊ एकदा, बघू एकदा, तसं सगळेच म्हणत राहिले. बोलावणंच नाही तर जायचं कशाला? दोन आठवडे गेले. मग एका सुट्टीच्या दुपारी मी कपडे वाळत घालताना लक्षात आलं, की काकांच्या खिडकीतून गेमची ती पिपाणीसारखी धूनही ऐकू येत नाही.

मी गेले. दार उघडंच होतं. काका मोड्यावर, समोर डबा, डब्यात पोळी आणि लोणचं. टीव्हीवर विमान नदीच्या मधोमध थांबलेलं. रॅक अर्धा रिकामा. भिंतीशी खोकी लावलेली, त्यांवर पत्र्याच्या चकत्या ठेवलेल्या.

"हे काय, काका?"

"भंगारवाल्याले सांगतलं हाय. परवा येते. पोरगा तिकिट काढून राह्यला." ते हसले. "काकू म्हणे तेच बरोबर हाय. एकटा मानूस काय करीन इथं?"

सवयीने मी रजिस्टर ओढलं. शेवटची पानं काकांच्या अक्षरात होती. प्रत्येक दिवसाला एकच ओळ. 'रिलिव्हर आला नाही. ड्युटी सुरू.' दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. चौदा ओळी. 'इतर'चा रकाना कोरा.

चौदा कंपन्या आणि एका मापाची टेप, याचा अर्थ त्या क्षणी मला कळला, आणि मी स्वतःला मनातल्या मनात ज्या शिव्या घातल्या त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

"ती टेप तुम्ही लावली होती."

"एकेक खोलून," काका म्हणाले. त्यांनी पोळीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. "दीड महिना लागला."

"कावून, काका?" माझ्या तोंडून 'का'ऐवजी घरची भाषा निघाली.

"पॉज होत असता, तं आलं कोन असतं, बाई?"

मी उठले, घरी आले. ड्युटीच्या पिशवीतून टेपचं रीळ आणि स्क्रू ड्रायव्हर घेतला, जाता जाता साहूच्या दुकानाचं शटर वाजवून त्याला ओढून आणला. काका 'अवं, राहू दे, राहू दे' म्हणत होते. मी ऐकलं नाही. त्यांच्या हातातला रिमोट घेऊन खोलला, काळ्या ठिपक्यावर टेपचा चौकोन चिकटवला आणि स्क्रू आवळले. मग रजिस्टरात नव्या पानावर लिहिलं: 'स्टार्ट बटण तपासले. पॉज होत नाही. बिघाड कायमचा. दुरुस्ती शक्य नाही.' खाली सही केली, हुद्दा लिहिला. एकोणीस वर्षांच्या नोकरीत मी एकही खोटी नोंद केलेली नाही. ही पहिली. साहूनेही साक्षीदार म्हणून सही ठोकली आणि एक खोकं उघडून मशीन परत रॅकवर ठेवायला लागला. नंबर चुकीच्या जागी लावत होता, तेवढ्यावरून काका उठले.

"सोळा नंबर तिथी नाही रे! खाली, खाली!"

मग त्यांनी चष्मा लावून माझी नोंद दोनदा वाचली. चष्मा काढला, बनियनच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. कपाटाचं कुलूप काढलं, चालू करायचा रिमोट आणला, गेम पहिल्यापासून चालू केला, चालवायचा रिमोट खोचला आणि हेल्मेट डोक्यावर चढवून मोड्यावर बसले. मी शेजारी उभीच होते. तरी त्यांनी खिडकीकडे तोंड करून, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा आवाज दिला, "रिलिव्हर!"

मी बसले, रिमोटला हात लावला.

"पाच जान बाकी," काका म्हणाले. "पयली लेवल. तेल फुल. सब नॉर्मल."

आणि चहा ठेवायला आत गेले.