उंची साबणाची गालपरीक्षा

माणूस किती पुढारलेला आहे, हे पूर्वी तो दाढी किती लवकर उरकतो यावरून ठरत असे. हल्ली तो ती किती लांबवतो यावरून ठरते. माझ्या वडिलांना दाढीला चार मिनिटे लागत आणि तेवढ्यात ते आम्हा भावंडांचे पाढेही घेत. (कोणी अडखळले तर पाच.) मला अलीकडे पाऊण तास लागू लागला आणि त्या काळात मला कोणी काही विचारलेले चालेना. एका पिढीत साधलेली ही प्रगती लहानसहान म्हणता येणार नाही.

तिचे श्रेय आमच्या जावयांना आहे. लग्न झाल्यापासून त्यांनी गालाला पाते लावलेले नाही आणि चांगली भरघोस दाढी राखली आहे, त्यामुळे दाढीच्या साबणाविषयी त्यांचे मत निःपक्षपाती मानावे लागते. मागच्या महिन्यात त्यांनी मला लाकडी डबीतला एक उंची साबण आणून दिला. "बाबा, आता टोचायचा प्रश्नच नाही," असे ते म्हणाले.

हा प्रश्न त्यांच्या कन्येने, म्हणजे माझ्या नातीने उपस्थित केलेला होता. वय वर्षे चार. हाताची घडी घालून बोलण्याच्या सवयीमुळे घरात सगळे तिला साहेब म्हणतात. साहेब दर रविवारी येतात. आजीच्या गालाला गाल लावतात, बापाच्या दाढीत नाकापर्यंत बुडतात आणि मग माझ्यापाशी येऊन, माझ्या गालावरून एक बोट फिरवून, "टोचतंय" एवढा शेरा मारून पुढे जातात. या निकालावर अपील नाही. पूर्ण वाढलेली दाढी मऊ आणि रोज घोटलेला गाल खरखरीत, यात काही अन्याय आहे असे सुचवून पाहिले. साहेब तोवर पुढच्या खोलीत गेले होते. निवृत्त माणसाला आठवड्यात वाट पाहण्यासारखे फार काही नसते. रविवार हातचा गेला की उरलेले वार नुसते भिंतीवर टांगलेले राहतात. (हे वाक्य विनोदी नाही. चुकून आले.)

डबीवर लिहिले होते की या साबणास ओले लाकूड, जुने ग्रंथालय आणि समुद्रावरचे धुके यांचा संमिश्र सुगंध आहे. हिने डबी नाकाशी धरली आणि म्हणाली, "ट्रंक उघडल्यासारखं वाटतंय." ग्रंथालय जुने असले की असे होणारच, असे मी तिला समजावले.

कृती सोपी होती. प्रथम गालांना गरम टॉवेलाचा शेक द्यावा. ब्रश कोमट पाण्यात, त्याची मर्जी येईपर्यंत, भिजू द्यावा. मग तो साबणावर हलक्या हाताने फिरवून वाटीत साईसारखा दाट फेस घोटावा. फेस गालांवर चढवल्यावर क्षणभर स्वस्थ उभे राहून स्वतःशी संवाद साधावा आणि मगच पाते हाती घ्यावे. मी संवाद साधला. फारसे विषय निघाले नाहीत.

पहिल्या दिवशी फेसाऐवजी पाणी झाले. दुसऱ्या दिवशी फेस झाला, पण त्यातला बराचसा आरशाला मिळाला. तिसऱ्या दिवशी मात्र असा देखणा फेस जमला की त्यावर पाते फिरवायला जीव होईना. मी हिला हाक मारून दाखवला. हातातले काम टाकून ती आली, फेसाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले.

"इतकी वर्षं धुण्याला याच्या दुप्पट फेस काढतेय मी," ती म्हणाली. "कधी कुणाला बघायला बोलावलं नाही."

आठवड्याअखेर प्रगतीचा आढावा घेतला. गालाच्या गुळगुळीतपणात माझ्या मते साठ टक्के वाढ झाली होती, जावयांच्या मते (फोनवरून) ऐंशी, आणि हिच्या मते "होतं तसंच आहे." सरासरी काढताना तिसरे मत तांत्रिक कारणास्तव वगळण्यात आले.

रविवारसाठी मी जय्यत तयारी केली. पात्याला भरपूर वाव मिळावा म्हणून शुक्रवार-शनिवार दाढीच केली नाही. साहेब दहाला येणार, म्हणून नवाला शेक घेतला. पण ते साडेनवालाच आले. मी दोन्ही गालांवर फेस चढवून स्वतःशी संवाद साधत असताना मोरीचे दार ढकलले गेले आणि हाताची घडी घातलेली आकृती उंबऱ्यात उभी राहिली.

"आजोबा, हे काय?"

"फेस आहे. हा काढला की गाल मऊ होणार. तुम्ही बाहेर बसा साहेब, झालं की बोलावतो."

साहेब बाहेर बसले नाहीत. स्टूल ओढून वर चढले, वाटीत चारही बोटे बुडवली, नाकासकट स्वतःचे दोन्ही गाल रंगवले आणि मला काही कळायच्या आत आपला गाल माझ्या गालाला चिकटवला. मी रेझर हळूच लांब सारला. श्वासही बेताने घेतला.

साहेबांनी गाल तसाच ठेवून माझ्या नाकालाही फेस लावला. मग कानाशी आवाज आला, "टोचत नाही."

आत दोन दिवसांचे खुंट जसेच्या तसे उभे होते. दारातून पाहणाऱ्या हिला ते ठाऊक होते. "आता पातं लावू नका," ती म्हणाली. "झालेलं काम बिघडवाल."

साबण सर्वोत्तम आहे, असे मी जावयांना कळवले आहे. त्यात एकच दोष आढळला, तो म्हणजे तो दाढी करण्यासाठी बनवला आहे. तेव्हापासून रविवारी आम्ही दोघे फक्त फेस लावतो. दाढी मी सोमवारी, जुन्या साबणाने, चार मिनिटांत करतो. गेल्या रविवारी बापाच्या दाढीत शिरून साहेबांनी नाक बाहेर काढले आणि "इथे फेस नाही" असा शेरा मारला. जावई तेव्हापासून आरशासमोर बराच वेळ उभे असतात.

आता राहिले वाचक. हे वाचता वाचता तुमचा हात हनुवटीवर जाऊन आला आहे, एकदा उलट्या दिशेनेही फिरला आहे, आणि तुम्ही स्वतःला उत्तीर्ण केले आहे. (भगिनींनी समोर बसलेल्या इसमाच्या गालाकडे एकवार पाहिले आहे आणि पान उलटले आहे.) परंतु या परीक्षेत स्वतःच्या बोटांची साक्ष धरत नाहीत, दुसऱ्याचा गाल लागतो. उठा, घरात कोणाला तरी विचारून या.

मी थांबतो.