टेकडीखालचे बूट

मोजणी खात्यातल्या साहेबांना त्या आडबाजूच्या किनाऱ्यावर हॉटेलची जागा आखून अहवालावर सही करायची होती. सही झाली की बढती नक्की. "तुला समुद्रही दाखवतो," म्हणून त्यांनी बायकोलाही बरोबर घेतलं होतं. सरकारी काम आणि सहल एकाच पेट्रोलात उरकणारा माणूस!

वाळूच्या टेकडीपाशी राखण करणाऱ्या आजी आडव्या आल्या. "बूट काढा, साहेब. खाली आमची माणसं झोपलीत."

"किती?" साहेबांनी सवयीनं वही उघडली.

"सगळीच," आजी म्हणाल्या.

साहेबांनी पहिली खुंटी ठोकली, तिच्याशेजारी बूट ठेवले आणि हरवू नये म्हणून गाडीची किल्ली बुटात घातली. वर पोचल्यावर दोघं बघतच राहिली. जागा होतीच तशी देखणी. ना टपरी, ना पाटी. नितळ वाळू आणि पुढे निळंशार पाणी.

"अहो, इथे हॉटेल?"

"वरून हुकूम आहे गं."

"वर तर नुसतं आभाळ आहे!"

खाली आले तर बूट नाहीत. खुंटीही नाही.

"टेकडी सरकली," आजी शांतपणे म्हणाल्या. "चालते ती."

"मग खणू या!"

"झोपलेल्यांच्या अंगावर?" बायकोनं असे डोळे वटारले, की साहेबांनी खुंट्यांच्या सामानातून उचललेलं फावडं गुपचूप खाली ठेवलं. मग त्यांनी नकाशा पसरला. गेल्या वर्षीच्या त्या नकाशाप्रमाणे ते या घडीला कमरेइतक्या पाण्यात उभे होते.

ते मटकन खाली बसले. तळव्यांना ऊबदार वाळू लागत होती, वारा टेकडीच्या माथ्यावरून वाळूची बारीक रेघ ओढत होता. तासभर साहेब काहीही मोजायचं विसरले. मग त्यांनी अहवाल मांडीवर घेतला आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचला, "सदर जागा मोजणीच्या वेळी जागेवर आढळली नाही. सबब बांधकाम करता येणार नाही." खाली झोकात सही ठोकली.

"आणि बढती?" बायकोनं विचारलं.

"गेली वाळूत." त्यांना वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं मोकळं.

आजींनी सही नीट निरखून पाहिली. मग पिशवीतून बूट काढून पुढ्यात ठेवले. किल्ली आत तशीच होती.

"मागच्या साहेबांना तीन दिवस लागले हो," त्या कौतुकानं म्हणाल्या. "तुम्ही गुणाचे."