बाजारानं हितं यावं

आमच्या कुसगावच्या धोंडूआबांनी चालू भावात आयुष्यात काही घेतलेलं नाही. आपला भाव सांगायचा आणि समोरच्या कठड्यावर बसायचं. एकदा कोथिंबिरीला भाव लावून बसले, तर जुडीचे धणे झाले. आबांनी शांतपणे धण्यांना नवा भाव लावला. लोणावळ्याला जायला ते रिक्षा ठरवतात, तेव्हा भाव जमेपर्यंत रिक्षाचं मॉडेल बदलतं.

असा माणूस मोबाइलवर शेअर घ्यायला लागला, तेव्हा लिमिट ऑर्डर खास त्यांच्यासाठीच घडवली असावी असं वाटलं. शेअर शंभरावर असला की आबा पंचाण्णवला ऑर्डर लावून म्हशी धुवायला जाणार. भाव तिथवर उतरला तर सौदा, नाहीतर बाजार उठला की ऑर्डर आपोआप रद्द.

"आबा, पाच रुपयांपायी चांगला शेअर गेला," मी म्हणतो.

"जाऊंदे. आमी न्हाई मागं पळत. बाजारानं हितं यावं, चपला काढाव्या, मंग बोलू."

विकायचंही तसंच, फक्त भाव वरचा. आबांच्या बायकोने, गंगामावशींनी, कधीकाळी कुकरच्या कंपनीचे थोडे शेअर घेतले होते. मावशींचा अभ्यास एवढाच: "ह्याची शिट्टी येळंवर येती, कंपनी बी चांगलीच असंल." मावशी गेल्यावर ते आबांच्या खात्यात आले. पुण्याचा मुलगा ते विका म्हणून मागे लागलेला. आबा रोज सकाळी पोहोचणार नाही असा उंच भाव लावतात आणि फोनवर सांगतात, "ऑर्डर लावलीय रं. भाव आला की जातील."

परवा घोटाळा झाला. कुकर चढायला लागला. माझ्या ओट्यावर आबांच्या बशीतला चहा गार झाला. पायावर विंचू चढत असावा तसे ते मोबाइलकडे बघत होते. भाव टेकणार, एवढ्यात जन्मात पाच पैसे न हललेल्या आबांनी ऑर्डर घाईघाईने वर सरकवली. तो पुन्हा चढला. यांनी पुन्हा सरकवली.

"आबा, बाजार आलाय की हितं. चपला काढून उभाय."

"दिसतंय मला."

"मग ऑर्डर काढून तरी टाका."

"आन् पोराशी खोटं बोलू व्हय? लावलीय म्हणून सांगितलंय त्येला."

बाजार उठला, ऑर्डर रद्द झाली. आबांनी मोबाइल धोतराला पुसला आणि गार चहा एका घोटात संपवला.

"तिचं बराबर व्हतं," ते म्हणाले. "एकट्यापुरता भात लावला तरी शिट्टी येळंवरच येती."