शिवेवरची खाट

माणूस कोणत्या गावचा हे ठरवायला त्याच्या झोपायच्या खोलीत बुटांसकट शिरणाऱ्या जिल्हा खेळमंडळाच्या मंडळींनो, तुम्ही लॉरकन ट्रेसीचा अंतिम सामना खाल्लात. 'नियमाने केलं' असं तुम्ही सांगता. नियमानेच केलंत, हाच माझा आरोप आहे. अख्खा जिल्हा तुमच्या पाठीमागे हसला, पण तोंडावर कुणी बोललं नाही, कारण पुढच्या वर्षीचे सामनेही तुम्हीच लावणार. मला खेळाची काठी धरता येत नाही, त्यामुळे तुम्ही माझं काय वाकडं करणार? झालं ते झालं तसं सांगतो.

लॉरकन किलबॅरनचा. मिसरूड फुटायच्या वयात गावाच्या हर्लिंगच्या, म्हणजे काठीने चेंडू मारायच्या खेळाच्या, संघात मागच्या कोपऱ्यात उभा राहिला, तो चाळिशी ओलांडली तरी तिथून हलला नाही. गोल करणाऱ्यांचे फोटो पेपरात येतात. कोपऱ्यातला माणूस गोल होऊ देत नाही, आणि न झालेल्या गोलाचा फोटो कुणी काढत नाही. बोटं मोडली, पुढचे दात गेले, भुवईवर टाके पडले. जिल्ह्याचं पदक मात्र एकही नाही. किलबॅरन तीनदा अंतिम सामन्यात गेलं आणि तिन्ही वेळा हरलं. एकदा तर चेंडू आपल्याच गोलरक्षकाच्या ढुंगणाला लागून आत गेला. यंदा लॉरकनच्या गुडघ्यानेच हात टेकले होते. डॉक्टर म्हणाले, "मे महिन्यात गुडघा बदलू. त्यानंतर खेळ विसरायचा." म्हणजे हीच शेवटची स्पर्धा. आणि उपांत्य सामन्यात किलबॅरनने शेजारच्या ड्रमस्कारला एका गुणाने हरवलं. लॉरकनने त्यांच्या सगळ्यात तिखट खेळाडूला, कॉन मीनीला, तासभर चेंडूचा वाससुद्धा घेऊ दिला नाही. कॉन त्याचा सख्खा मेव्हणा.

दोन दिवसांनी तोच कॉन जेवायच्या वेळी दारात उभा राहिला.

"ये, बस," लॉरकन म्हणाला. "बटाटे घे. परवा उपाशी राहिलास."

"दाजी, बटाटे राहू देत. आमच्या लोकांनी जिल्ह्याच्या मंडळाकडे हरकत घेतलीय."

"कसली?"

"तू किलबॅरनचा नाहीस अशी."

लॉरकन इतका हसला की ब्रीडाला, म्हणजे त्याच्या बायकोला, त्याच्या पाठीत गुद्दा घालून बटाटा खाली उतरवावा लागला.

"अरे, माझा पणजोबा इथल्या चर्चमागे पुरलाय!"

"पणजोबा परवा खेळला नाही ना. मंडळाचा नियम आहे, खेळाडू जिथं झोपतो तिथला. तू झोपतोस कुठं, दाजी?"

लॉरकनने मागच्या खोलीकडे बघितलं आणि त्याचं हसू मावळलं.

गुडघ्यामुळे जिना चढवेना, म्हणून गेल्या हिवाळ्यात घरामागे एक खोली काढली होती. घरामागे ओहोळ. दुसरी जागाच नव्हती, म्हणून ओहोळ पाइपात घातला आणि वर खोली बांधली. अलीकडे दार नि न्हाणी, पलीकडे खाट. आणि तो ओहोळ म्हणजे किलबॅरन आणि ड्रमस्कारची शीव. माणूस दात घासायचा किलबॅरनमध्ये आणि घोरायचा ड्रमस्कारमध्ये.

"हे तुमच्या लोकांना सांगितलं कुणी?" ब्रीडाने भावाला विचारलं. "खाट आत नेली तेव्हा घरात आपण तिघंच होतो. तिचं एक टोक तूच धरलं होतंस."

कॉनने बटाटा घेतला.

"कॉन!"

"ताई, मी पबात गंमत म्हणून बोललो गं! आमचा सेक्रेटरी पाठीमागच्या बाकावर बसलाय हे मला काय माहीत?"

"त्याला कान आहेत हे माहीत होतं ना?"

किलबॅरनचा व्यवस्थापक पॅकी डूलन अर्ध्या तासात हजर झाला. पॅकी गवंड्यांचा मुकादम. त्याच्याकडे खोदायचं यंत्र होतं, आणि ज्याच्याकडे खोदायचं यंत्र असतं त्याला प्रत्येक अडचण मातीची दिसते.

"खाट माडीवर नेऊ," लॉरकन म्हणाला.

"मंडळवाले म्हणतील, जिना चढून दाखव. दाखवशील?"

"न्हाणीत ठेवू."

"माझ्या घरात कुणी न्हाणीत झोपणार नाही," ब्रीडा म्हणाली.

पॅकीने मागचं दार उघडलं, कमरेवर हात ठेवून बराच वेळ ओहोळाकडे बघितलं आणि म्हणाला, "खाट हलत नाही ना? मग शीव हलवू."

शनिवारी सगळं किलबॅरन लॉरकनच्या परसात उतरलं. ओहोळाला पाइपात शिरायच्या आधीच अडवायचं, खोलीच्या मागून चर खणून फिरवायचं आणि पुन्हा जुन्या वाटेला लावायचं, असा बेत. ब्रीडा चहा आणि हॅम घातलेले पाव पुरवत होती. सगळ्यात जास्त माती कुणी उपसली असेल तर कॉनने. जिभेने केलेलं पाप तो फावड्याने फेडत होता.

"तुझ्या गावाने बघितलं तर?" पॅकीने विचारलं.

"बहिणीच्या परसात बाग करतोय म्हणेन."

"एवढं खोल काय लावतोयस? हत्ती?"

दुपारी चराच्या तोंडचा बांध फोडला. पाणी आलं, चरात शिरलं, खोलीच्या पाठीमागून शहाण्यासारखं वळलं. लोकांनी टोप्या उडवल्या. लॉरकन खोलीत जाऊन खाटेवर बसला, दोन्ही पाय जमिनीवर टेकवले आणि तसाच बसून राहिला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याचा चेहरा सैल पडला.

पण पाण्याने नियम वाचलेले नसतात. जुन्या वाटेला लागायच्या जागी ते जरा थबकलं, डावीकडे उतार दिसला तसं तिकडे वळलं, आणि शेत कापत थेट पुलापाशी जाऊन जुन्या ओहोळाला मिळालं. सगळे खोलीकडे बघत होते, त्यामुळे हे कुणाच्या लक्षात आलं नाही. ब्रीडा रिकामे कप गोळा करायला खाली गेली होती. तिथून तिची हाक आली.

"कॉन, तुझं घर कुठल्या बाजूला होतं रे?"

"पलीकडे. का गं?"

"आता अलीकडे आहे."

कॉन पळत गेला. त्याचं घर, म्हणजे ब्रीडाचं माहेर, गोठा आणि कोंबड्यांच्या खुराड्यासकट किलबॅरनमध्ये आलं होतं. पाणी त्याच्या मागच्या कुंपणाला घासून वाहत होतं.

"लग्नापासून सासर-माहेर करताना शीव ओलांडतेय मी," ब्रीडा म्हणाली. "आता चपलेवर जाता येईल."

"ताई, हसू नकोस! मी आता कुठला?"

"उद्या दुपारनंतर हे डावीकडचं वळण बुजवू," पॅकी म्हणाला. "मंडळवाले सकाळी येऊन जातील. त्यांना फक्त खोली बघायचीय. खाली कोण जातंय?"

खाली तिघंही गेले. रविवारी प्रार्थना आटोपून तुम्ही तिघं आलात, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून. तुमच्या अध्यक्षांनी खाटेवर बसून बघितलं, गादी दाबून बघितली, आणि तुम्ही तिघं वास लागलेल्या कुत्र्यांसारखे ओहोळाच्या कडेकडेने पुलापर्यंत गेलात. परत येऊन ब्रीडाच्या स्वयंपाकघरात चहा घेतलात, केकचा दुसरा तुकडाही मागून घेतलात, आणि मग निकाल दिलात.

"सामन्याच्या दिवशी ओहोळ खोलीखाली होता," अध्यक्ष म्हणाले. "म्हणजे ट्रेसी त्या दिवशी ड्रमस्कारचा. किलबॅरनने परका माणूस खेळवला. किलबॅरन बाद."

पॅकीने डोक्यावरची टोपी काढली. कॉनने लॉरकनकडे बघायचं टाळलं.

"पण आज," अध्यक्षांनी बोटाला लागलेलं क्रीम चाटलं, "ओहोळ मीनीच्या घरामागे आहे. म्हणजे कॉन मीनी आज किलबॅरनचा. ड्रमस्कारच्या संघात आज परक्या गावचा माणूस आहे. ड्रमस्कारही बाद."

"साहेब," कॉन म्हणाला, "मग मला वगळा की! बाकीचे चौदा काय पुरात वाहून आले?"

"संघ संघ असतो."

"अहो, पण त्याला बाद करताना जुना ओहोळ आणि मला करताना नवा? एक कुठला तरी धरा ना!"

"आम्ही दोन्ही धरले. कुणावर अन्याय नको."

लॉरकनने फक्त एवढंच विचारलं, "मग अंतिम सामना कोण खेळणार?"

"सामना नाही. दुसऱ्या उपांत्य सामन्यातून क्लॉनमॉइल गाव आलंय. कप त्यांना."

ब्रीडाने अध्यक्षांच्या पुढची केकची बशी उचलली आणि कोंबड्यांपुढे रिकामी केली. त्या दिवशी तेवढाच न्याय झाला.

पुढच्या मंगळवारी किलबॅरनच्या मैदानावर सराव होता. सामना नसताना सराव कशाला, हे कुणी विचारलं नाही. फाटकाशी कॉन उभा होता, हातात काठी, आत यायला धजत नव्हता. नवा ओहोळ अजून कुणी बुजवला नव्हता. पॅकीचं यंत्र चालूच होत नव्हतं म्हणे. ड्रमस्कारने कॉनला 'तू आता तिकडचा' असं सांगून टाकलं होतं.

"दाजी, शिव्या दे," तो म्हणाला. "चार लोकांसमोर दे. तुझं पदक मी घालवलं."

"तू नाही घालवलंस," लॉरकन म्हणाला. "आत ये. इतकी वर्षं तुझ्या बरगड्यांत कोपर घालत आलोय. आज कुणाला घालू?"

दोघं कोपऱ्यात जाऊन उभे राहिले, एकाच रंगाच्या जर्सी घालून. पॅकीने चेंडू मारला. सवयीने दोघांनी एकमेकांना पाडलं.

आता क्लॉनमॉइलचं ऐका. न मारलेल्या चेंडूचा कप त्यांनी मिरवलाच नाही. त्यांचा कर्णधार स्वतः गाडी चालवत लॉरकनकडे आला आणि दारातच म्हणाला, "आम्हाला लाज वाटतेय. खेळा आमच्याशी. किलबॅरन या, ड्रमस्कार या, दोघं मिळून या, आम्हाला चालेल." ड्रमस्कारचा सेक्रेटरीही तयार झाला, तोच तो कानवाला. तिन्ही गावांनी मिळून तुमच्याकडे 'तारीख द्या' असा निरोप पाठवला. हिवाळा गेला, कुरणात कोकरं आली, तुमचं उत्तर आलं नाही.

लॉरकन रोज संध्याकाळी गुडघ्याला पट्टा बांधून मैदानाला चकरा मारतो. लंगडतो, शिव्या देतो, पुन्हा निघतो. कॉन त्याच्याबरोबर असतो. मे जवळ आलाय, आणि डॉक्टर तुमच्यासारखे नाहीत, ते दिलेली तारीख पाळतात. मैदान आहे, गोलाचे खांब आहेत, तीन गावांची माणसं तयार आहेत, शिट्टी फुंकायला पाद्रीबाबांनीही हो म्हटलंय. अध्यक्षमहाराज, तुमच्याकडून फक्त एक दिवस हवाय, मेच्या आधीचा. कुठला देता?